‘सैतानाचा शेवटचा गड’: ख्रिस्ती धर्मप्रचारात युद्धाची भाषा आली कुठून?

नोव्हेंबर २०१८. जॉन ॲलन चाऊ नावाचा २६ वर्षांचा अमेरिकन तरुण अंदमानातल्या मच्छीमारांना २५ हजार रुपये देतो आणि रात्रीच्या वेळी नॉर्थ सेंटिनेल बेटाजवळ पोहोचतो. या बेटावर जायला कायद्याने बंदी आहे. तिथले सेंटिनेली लोक बाहेरच्या कोणालाही जवळ येऊ देत नाहीत आणि बाहेरचे साधे आजारही त्यांच्या जिवावर बेतू शकतात. चाऊला हे सगळं माहीत होतं. सोबत त्याने मासे, कात्री, फुटबॉल अशा भेटवस्तू घेतल्या होत्या आणि एक वॉटरप्रूफ बायबल. पहिल्या दिवशी एका मुलाने सोडलेला बाण त्या बायबलात घुसला. चाऊ परत फिरला, तरी पुन्हा गेला. १७ नोव्हेंबरला मच्छीमारांना किनाऱ्यावर त्याचा मृतदेह ओढून नेताना दिसला.

त्याने मागे ठेवलेल्या डायरीतलं एक वाक्य तेव्हा जगभर गाजलं. त्यात तो देवाला विचारतो, की हे बेट म्हणजे सैतानाचा शेवटचा गड आहे का?

सोशल मीडियावर त्याला कोणी वेडा म्हटलं, कोणी हुतात्मा म्हटलं. पण त्याच्या डोक्यात बेट, सैतान आणि गड हे तीन शब्द एकत्र आले कसे? तो काही एकटाच असा विचार करत नव्हता. कॅन्सस सिटीतल्या ज्या मिशनरी संस्थेने त्याला पाठबळ दिलं, तिथल्या प्रशिक्षणात एका खोट्या गावात भाले घेतलेल्या माणसांना सामोरं जाण्याचा सरावही होता. त्याच्या वडिलांनी नंतर मुलाच्या मृत्यूचं खापर टोकाच्या मिशनरी विचारांवर फोडलं. या विचारांना एक नाव आहे, ‘स्पिरिच्युअल वॉरफेअर’ म्हणजे आध्यात्मिक युद्ध. त्यातला बराचसा भाग, आज तो ज्या रूपात दिसतो ते रूप, जेमतेम चाळीस वर्षांचं आहे.

बायबलात युद्ध आहे का?

आहे. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात शिपायाची सगळी सामग्री येते. सत्याचा कमरपट्टा, नीतिमत्तेचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. रोमन सैनिक रस्त्यावर रोज दिसत असण्याचा तो काळ, त्यामुळे उपमा ऐकणाऱ्याला लगेच कळणारी. पण तिथेच पौल एक अट घालतो. हे झगडणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही, असं तो स्पष्ट सांगतो. शिवाय या सामग्रीत जवळजवळ सगळं बचावाचं आहे. पायातल्या जोड्यांचा संबंध तर त्याने शांतीच्या सुवार्तेशी जोडलाय.

पुढची अनेक शतकं संन्याशांनी आणि मठवासीयांनी हे युद्ध मुख्यतः स्वतःच्या मनाशी लढलं. लोभ, राग, वासना यांच्याशी. आपल्याकडे तुकोबांनाही रात्रंदिवस युद्धाचा प्रसंग होताच, आणि तो कोणत्या शेजाऱ्याशी नव्हता.

एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गरीब वस्त्यांतून ‘साल्व्हेशन आर्मी’ उभी राहिली. गणवेश, बँड, झेंडे, कॅप्टन, जनरल असा सगळा थाट. १८८२ मध्ये ही मंडळी मुंबईत उतरली आणि मराठीत त्यांना ‘मुक्तिफौज’ हे नाव मिळालं. त्यांचा पुढारी फ्रेडरिक टकर याने भगवे कपडे घालून ‘फकीर सिंग’ असं नाव घेतलं होतं. रस्त्यात ढोल वाजवून मिरवणूक काढली म्हणून पोलिसांनी त्यांना पकडलंही. पण या फौजेने शत्रू ठरवला होता दारू, भूक आणि बेकारी. भाषा सैन्याची, काम लंगराचं.

मग बदललं काय?

शत्रूला पत्ता मिळाला.

हा पत्ता देणाऱ्यांत सगळ्यात मोठं नाव सी. पीटर वॅग्नर यांचं. बोलिव्हियात मिशनरी म्हणून बरीच वर्षं काढलेले वॅग्नर नंतर कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत ‘चर्चची वाढ’ हा विषय शिकवत. त्यांना पडलेला प्रश्न साधा होता. काही देशांत लोक झपाट्याने ख्रिस्ती होतात, काही ठिकाणी कितीही प्रचार करा, काहीच होत नाही, असं का? इतिहास, भाषा, वसाहतवादाच्या आठवणी, जातव्यवस्था अशी उत्तरं समाजशास्त्राने दिली असती. वॅग्नर यांचं उत्तर वेगळं होतं. त्या प्रदेशावर एखाद्या दुष्ट आत्म्याची सत्ता आहे, आधी तिला हटवायला हवं.

आधाराला त्यांनी दानीएलच्या पुस्तकाचा दहावा अध्याय घेतला. तिथे देवदूताला ‘पारसाच्या अधिपती’ने एकवीस दिवस अडवून धरल्याचा उल्लेख आहे. म्हणजे प्रत्येक देशाला, शहराला, गल्लीलासुद्धा असा एक अदृश्य अधिपती असणार, असा अर्थ लावला गेला. त्यातून ‘स्पिरिच्युअल मॅपिंग’ आलं. शहराचा नकाशा घ्यायचा, त्यावर देवळं, दर्गे, जुनी बळीस्थानं, वेश्यावस्ती यांच्या खुणा करायच्या, आणि मग तिथे चालत जाऊन प्रार्थनेने ‘गड’ पाडायचा. याच सुमाराला, १९८६ मध्ये, फ्रँक पेरेटी यांची ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ ही कादंबरी आली. एका छोट्या अमेरिकन गावावर देवदूत आणि दुष्ट आत्मे लढतायत, असं त्यात कथानक आहे. तिच्या लाखो प्रती खपल्या. हा विचार घराघरात पोहोचवण्याचं काम धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा बहुधा या कादंबरीने जास्त केलं.

नकाशा अख्ख्या जगाचाही झाला. लुईस बुश या मूळच्या अर्जेंटिनाच्या मिशनरी नेत्याने १९९०च्या आसपास ‘टेन-फॉर्टी विंडो’ ही कल्पना मांडली. उत्तर गोलार्धातल्या १० ते ४० अक्षांशांमधला, पश्चिम आफ्रिकेपासून पूर्व आशियापर्यंतचा पट्टा. मुसलमान, हिंदू, बौद्ध यांची बहुतांश वस्ती याच चौकटीत, गरिबीही इथेच, आणि सुवार्ता न पोहोचलेले लोकही इथेच. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा या खिडकीत बसतात. गंमत म्हणजे केरळचा दक्षिण भाग, जिथे कोट्टायमसारखी सिरियन ख्रिश्चनांची जुनी केंद्रं आहेत, तो १० अक्षांशाच्या खाली राहतो. रेघ इतक्या सोयीची कशी पडली हे देवच जाणे.

१९९७ मध्ये तर वॅग्नर यांच्या वर्तुळातला एक गट ‘स्वर्गाची राणी’ नावाच्या दुष्ट शक्तीविरुद्ध प्रार्थना करायला थेट एव्हरेस्टच्या परिसरात गेला होता. हिमालयाला देवांचं घर मानणाऱ्यांना हे वाचून हसू येईल किंवा राग येईल. पण त्या गटासाठी ती खरीखुरी लष्करी मोहीम होती.

एव्हरेस्टवर जाऊन कोणी प्रार्थना केली तर पर्वताला काही होत नाही. ज्या ‘गडा’त माणसं राहतात, तिथली गोष्ट वेगळी.

ब्राझील: शेजारच्या घरात सैतान

ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांनी आपले देव सोबत आणले. योरुबा परंपरेतले हे ‘ओरिशा’. त्यांच्याभोवती कँडोंब्ले हा धर्म उभा राहिला, पुढे विसाव्या शतकात उंबांडा आला. त्यांच्या पूजास्थानाला ‘तेरेरो’ म्हणतात. पांढरे कपडे, ढोल, अंगात येणं, नैवेद्य. कोकणातल्या किंवा घाटावरच्या माणसाला यातलं बरंच काही ओळखीचं वाटेल. बाहिया राज्यात तर १९७६ पर्यंत या पूजेसाठी पोलिसांची परवानगी काढावी लागायची.

१९७७ मध्ये रिओत एदिर मासेदो यांनी ‘युनिव्हर्सल चर्च’ सुरू केलं. मासेदो आधी सरकारी लॉटरीच्या खात्यात नोकरीला होते. या चर्चने आध्यात्मिक युद्ध परदेशातून जसंच्या तसं उचललं नाही. त्यांनी शत्रू स्थानिकच शोधला. दारू सुटत नाही? नवरा मारतो? नोकरी टिकत नाही? त्यामागे ओरिशा आहेत, विशेषतः ‘एशू’. चौकात उभा राहणारा, देव आणि माणसं यांच्यात निरोप पोहोचवणारा हा देव इथे सैतान ठरला. याची मुळं आणखी जुनी आहेत. एकोणिसाव्या शतकात योरुबा भाषेत बायबल आलं, तेव्हा सैतानासाठी शब्द वापरला गेला ‘एशू’ हाच. मराठी बायबलात सैतानाला ‘सैतान’च ठेवलं, गावच्या कोणा देवाचं नाव त्याला दिलं नाही. भाषांतरातला एक शब्द किती लांब जाऊ शकतो, याचं हे उदाहरण.

चर्चमध्ये आणि टीव्हीवर ‘उतरवण्या’चे कार्यक्रम सुरू झाले. अंगात आलेल्या बाईला मंचावर आणायचं, पास्टर माईक पुढे करून आत्म्याला नाव विचारणार, आत्मा ओरिशाचं नाव सांगणार, मग त्याला हाकलणार. मासेदो यांनी ओरिशा हे देव आहेत की दुष्ट आत्मे, असा सवाल नावातच करणारं पुस्तक लिहिलं. त्याच्या लाखो प्रती खपल्या. २००५ मध्ये न्यायालयाने विक्री थांबवली आणि नंतर बंदी उठलीही.

लोक याकडे का वळले? केवळ फसले म्हणून, असं उत्तर सोपं आहे आणि अपुरंही. झोपडपट्टीत राहणाऱ्या बाईचा मुलगा अमली पदार्थांच्या टोळीत गेलाय, दवाखाना लांब आहे, पोलीस आले तर गोळीबारच करतात. तिला चर्च सांगतं, की यात तुझी चूक नाही, शत्रू बाहेरचा आहे आणि तो हरू शकतो. वर दर आठवड्याला विचारपूस करणारी माणसं मिळतात. अनेक घरांत दारू खरोखर सुटली. ब्राझीलच्या २०२२च्या जनगणनेत इव्हँजेलिकल ख्रिस्ती २६.९ टक्के झाले, २०१० मध्ये ते २२ टक्क्यांच्या आसपास होते. कॅथलिक ५६.७ टक्क्यांवर उतरले. कँडोंब्ले आणि उंबांडा मिळून १ टक्का.

या एक टक्क्याच्या वाट्याला काय आलं, ते साल्वादोर शहरातल्या माय जिल्दा यांच्या गोष्टीतून कळतं. ‘माय’ म्हणजे आई. तेरेरोच्या प्रमुख स्त्रीला आईच म्हणतात. १९९९ मध्ये युनिव्हर्सल चर्चच्या वृत्तपत्राने त्यांचा फोटो छापला, तो भोंदू लोक गिऱ्हाइकांना लुबाडतात अशा मथळ्याखाली. फोटो भलत्याच प्रसंगातला होता. त्यानंतर दुसऱ्या एका इव्हँजेलिकल पंथाची माणसं त्यांच्या तेरेरोत घुसली. माय जिल्दा खचल्या. २१ जानेवारी २००० रोजी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. मुलीने खटला चालवला आणि चर्चला भरपाई द्यावी लागली. २००७च्या कायद्याने २१ जानेवारी हा ब्राझीलमध्ये धार्मिक असहिष्णुतेविरुद्ध लढ्याचा राष्ट्रीय दिवस ठरला. माय जिल्दा यांचा अर्धपुतळा पुढे शहरात उभारला गेला, आणि त्याचीही तोडफोड झाली.

नंतर जे झालं ते चर्चच्याही हाताबाहेरचं होतं. रिओतल्या काही अमली पदार्थ टोळ्यांचे म्होरके इव्हँजेलिकल झाले. धंदा तोच राहिला, फक्त वस्तीत आता तेरेरो चालणार नाही असा हुकूम निघाला. २०१७ मध्ये बंदूकधाऱ्यांनी एका पुजारिणीला तिच्याच हातांनी पूजेच्या वस्तू फोडायला लावल्या आणि त्याचा व्हिडिओ काढला. तो व्हॉट्सॲपवर फिरला. रिओच्या उत्तर भागातल्या काही वस्त्या ताब्यात घेऊन एका टोळीने त्या टापूला ‘इस्राएल’ असं नाव दिलं आणि उंचावर दिव्यांचा दावीदाचा तारा लावला.

या टोळ्या कोणत्या चर्चच्या आदेशावर चालत नाहीत आणि बहुतेक ब्राझिली पास्टर त्यांचा निषेधच करतात, हे इथे नोंदवायला हवं. पण टोळीवाल्यांनी शब्द नवे बनवले नाहीत. शत्रू कोण हे टीव्हीवर वीस वर्षं सांगितलं जात होतं. २०१५ मध्ये युनिव्हर्सल चर्चच्याच तरुणांचे गणवेशात कवायत करतानाचे, ‘वेदीचे ग्लॅडिएटर’ असं नाव घेतलेले व्हिडिओ पसरले, तेव्हा ही फक्त भावी पास्टरांची तयारी आहे असा खुलासा चर्चने केला. रूपकच आहे, असा त्याचा अर्थ. पण रूपक ऐकणारा ते कुठे थांबवेल, हे बोलणाऱ्याच्या हातात राहत नाही.

ख्रिस्ती लोकांनी आक्षेप घेतला नाही?

घेतला, आणि खूप आधी. लोझान चळवळ ही जगभरच्या इव्हँजेलिकल मंडळींचं मोठं व्यासपीठ. १९७४च्या तिच्या जाहीरनाम्यात आध्यात्मिक संघर्षावर स्वतंत्र कलम आहे, म्हणजे ही मंडळी कल्पनेच्या विरोधात नाहीत. तरी १९९३ मध्ये तिच्याच एका कार्यगटाने लंडनमध्ये बसून इशारा दिला. सगळ्याचा दोष सैतानावर टाकला की माणूस स्वतःची जबाबदारी टाळतो. युद्धाची भाषा वापरली की माणसांशीच वैर धरलं जातं, आणि इतर धर्मांचे लोक त्यातून हिंसेचा व राजकारणाचा अर्थ काढतात. बायबल सोडून भुताखेतांच्या जुन्याच समजुतींकडे आपण परत चाललो आहोत, अशीही खंत त्यात होती.

जून २००० मध्ये पॅसाडेना इथे मिशनच्या भाषेवर एक बैठक झाली. ‘टार्गेट’, ‘क्रुसेड’, ‘काबीज करणं’, ‘शत्रू’ असे शब्द सोडून द्यावेत, असं त्यात सुचवलं गेलं. बैठकीची जागा होती फुलर सेमिनरी. जिथे वॅग्नर यांनी शिकवलं, तीच.

शब्द काही गेले नाहीत. उलट अमेरिकेत ते राजकारणात शिरले. वॅग्नर यांनीच ‘न्यू अपोस्टोलिक रिफॉर्मेशन’ असं नाव दिलेल्या प्रवाहातले स्वयंघोषित ‘प्रेषित’ आणि ‘संदेष्टे’ २०२० साली ट्रम्प यांच्या पराभवाला सैतानाचं कारस्थान म्हणत होते. ६ जानेवारी २०२१ रोजी संसदेवर हल्ला झाला त्या दिवशी आवारात शोफार, म्हणजे बायबलातली मेंढ्याच्या शिंगाची तुतारी, वाजवणारे लोकही होते. निवडणुकीच्या वेळी आफ्रिकेतून देवदूत येत असल्याची प्रार्थना करणाऱ्या पॉला व्हाइट यांच्या क्लिपवर तेव्हा मीम्सचा पाऊस पडला होता. फेब्रुवारी २०२५ पासून त्या व्हाइट हाउसच्या धर्मविषयक कार्यालयाच्या प्रमुख आहेत.

महाराष्ट्रात याचं काय?

इथला इतिहास एकरंगी नाही. साष्टीत १५६७ मध्ये देवळं पाडली गेली, तीही अंधार दूर करण्याच्याच भाषेत. त्याच साष्टीत पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द येतो. तीनशे वर्षांनी रेव्हरंड ना. वा. टिळक तर तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, मिशनच्या चौकटीबाहेरचा. दोघेही धर्मप्रचारकच होते. पण ज्या घरात ते आले, त्या घराला त्यांनी सैतानाचा गड म्हटलं नाही. टिळकांचे अभंग आजही मराठी चर्चमध्ये गायले जातात.

आज मात्र मोबाईलवर येणारी प्रवचनं, ब्राझीलची असोत, नायजेरियाची की अमेरिकेची, एकाच साच्यातली असतात. ती पाहून गावागावात छोटी प्रार्थनागृहं ‘सुटके’च्या सभा घेतात. त्यातली एखादी क्लिप फिरली, की दुसऱ्या बाजूची मंडळी ती युद्धाची कबुली म्हणून दाखवतात. त्याची झळ बसते ती पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहणाऱ्या, कोणाचंही भूत न काढणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना. तिकडच्या भाषेतला ‘गड’ इकडे तर्जुमा होऊन आला, की त्याला मोगलाईपासूनचे सगळे अर्थ चिकटतात.

कायद्याचं उत्तर मात्र महाराष्ट्राकडे आहे, आणि ते कुठल्याही एका धर्मासाठी नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा प्रार्थनेला हात लावत नाही. मांत्रिक असो, बाबा असो की पास्टर, भूत उतरवतो म्हणून कोणाला दोराने बांधणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. एखाद्या व्यक्तीला सैतान किंवा सैतानाचा अवतार म्हणून जाहीर करणं, हेही या कायद्याच्या अनुसूचीत शब्दशः आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.